उत्तर: कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या रूरल म्युनिसिपालिटीतला (ग्रामीण पालिकेतला) पत्ता

वर कुणीतरी विचारलंय, ‘एनडब्ल्यू १२-३४-५-डब्ल्यू३’ हा कसला पत्ता? तो शेवटाकडून वाचा. तिसऱ्या मेरिडियनच्या (मोजणीची उभी आधाररेषा, १०६° पश्चिम रेखांश) पश्चिमेची पाचवी रेंज (सहा मैल रुंद उभा पट्टा), ३४वी टाउनशिप (त्या पट्ट्यातला सहा मैलांचा चौरस), १२वं सेक्शन (टाउनशिपमधला एक चौरस मैलाचा तुकडा) आणि त्यातला वायव्य चतकोर, म्हणजे १६० एकर. टाउनशिप अमेरिकेच्या सीमेपासून मोजतात, प्रत्येक सहा मैलांची. म्हणून ३४वी १९८ मैलांच्या जरा पुढे सुरू होते.

लोक चुकतात ते सेक्शनच्या आकड्यांत. १ ते ६ आग्नेय कोपऱ्यातून पश्चिमेला जातात, ७ ते १२ त्यांच्या वरून उलटे पूर्वेला. नांगर वळवतो ना, तसं. त्यामुळे १२ बरोबर १ च्या डोक्यावर येतं.

उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांसाठी दर मैलाला, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांसाठी मात्र दर दोन मैलांना जागा सोडलेली आहे, ६६ फुटी. जागा आहे म्हणजे रस्ता आहे असं नाही! नकाशावरची रेघ कधी नुसती गवताची चाकोरी निघते. पावसात तिथली चिकणमाती चाकांना थापली जाते. वाकडी वाट परवडली, पण खडीचाच रस्ता धरा.

आणि सरळ रस्ता मध्येच बाजूला सरकतो, कारण रेखांश उत्तरेकडे जवळ येतात. तो फरक दर २४ मैलांनी करेक्शन लाइनवर (दुरुस्तीच्या आडव्या रेषेवर) काढलाय. रात्री तिथे वेग कमी ठेवा.