टीव्ही पंचावन्न इंची, आवाज मात्र डबीतला

फोंडेकर

गेल्या महिन्यात घरी ५५ इंची टीव्ही आला. चित्र असं की कढईतल्या तेलाचे बुडबुडे मोजून घ्यावेत. पण पहिल्याच रात्री बाबांनी (वय ७९) तीनदा विचारलं, "कितें उलयता रे तो?" चौथ्यांदा विचारलं नाही, उठून बल्कावावर, म्हणजे दारापुढच्या बैठकीवर, जाऊन बसले. मी मनात म्हटलं, गेले कान. डॉक्टरांकडे नंबरही लावला. मग ध्यानात आलं की मलाही ऐकू येत नाहीये. मी खाली येणाऱ्या ओळी वाचून समजल्याचं सोंग करतोय. पात्रं बोलू लागली की आवाज वाढवायचा आणि मारामारी लागली की रिमोटसाठी उशा उलथ्यापालथ्या करायच्या. सगळा सिनेमा असाच गेला.

दुसऱ्या दिवशी टीव्ही भिंतीवरून थोडा पुढे ओढून मागे बॅटरी मारली. स्पीकर म्हणजे खालच्या कडेला दोन फटी, तोंड जमिनीकडे. नट बोलतो तो आमच्या फरशीशी. जुना २१ इंची टीव्ही दीड फूट खोल होता, पोटात हवा होती, स्पीकरचं तोंड आपल्याकडे होतं. तो काही थोर नव्हता, पण बातम्या देणारा माणूस बातम्या देतोय हे स्वयंपाकघरात कळायचं.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तर हा धागा काढलाच नसता. चतुर्थीला भाच्याने ब्लूटूथ स्पीकरवर घुमट आरत्या लावल्या, म्हणजे घुमट या मडक्याच्या तालवाद्यावरच्या. घुमटाचा जीव कशात असतो? उजव्या हाताची थाप चामड्यावर पडते आणि डावा तळवा मडक्याचं मागचं तोंड झाकतो-उघडतो, त्यातून तो 'घुंऽ' फुगतो. नारळाएवढ्या त्या स्पीकरातून फक्त 'टक टक' येत होतं. कुणी सुपारी फोडत असल्यासारखं. तेवढ्यात शेजाऱ्यांकडे खरी आरती सुरू झाली, दोन भिंतींपलीकडून 'घुं' आला, आणि आमच्या खोलीतल्या कुणालाच फरक जाणवला नाही! मला खरा धक्का तो बसला.

पूर्वी घरात आवाजाची एकच वस्तू असे. आखातातून काकाने आणलेला टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) किंवा लाकडी पेटीतला रेडिओ. आता आवाज करणाऱ्या सात वस्तू आहेत आणि ऐकण्यालायक एकही नाही. माझं म्हणणं सरळ आहे: घरातला आवाज पंचवीस वर्षांत खालावला, आणि आपण कुरकुरसुद्धा केली नाही. चित्राचा एक ठिपका मेला तर दुकानदाराशी भांडतो आपण.

कॅसेटग्रस्त

फोंडेकर बाब, टीव्हीचं मान्य. बाकीचं स्मरणरंजन.

मी कॅसेटच्या काळात वाढलो. गोव्याच्या पावसात कॅसेटचं काय होतं आठवतं का? गणपतीपर्यंत रिळावर पांढरी बुरशी. पट्टा सैल झाला की अभिषेकीबुवांचा षड्ज जुलैत एका जागी राहत नसे. मागे अखंड 'स्स्स्'. पेन्सिल घालून टेप गुंडाळणं ही आज गंमत वाटते, तेव्हा ती रोजची कटकट होती. आणि तुमचा लाकडी रेडिओ! मध्यम लहरींवर पाचेक हजार हर्ट्झच्या वरचं जवळपास काही पोचतच नाही. झांजांचं तेज, श, स, सगळं कापलेलं. वर वीज चमकली की कडाड्. त्याला तुम्ही 'ऊबदार आवाज' म्हणता. मी त्याला घोंगडी पांघरलेला आवाज म्हणतो.

आता आकडे घ्या. १९८२ साली सीडी आली. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, दोन वाहिन्या, म्हणजे सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट. सुरुवातीच्या काळातलं १२८ किलोबिटचं एमपी३ म्हणजे त्याचा अकरावा हिस्सा, तेव्हा ओरडला असतात तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण २०२१ पासून ॲपल म्युझिकसारखी सेवा काहीही न गाळलेलं, सीडीच्या वरचं संगीत वेगळे पैसे न घेता देते. दर्जा नळापर्यंत आलाय. तुम्ही गळकी बादली लावून पाण्याला शिव्या देताय.

आणि पूर्वी म्हणजे कुणाकडे? आमच्या वाड्यावर रेकॉर्ड प्लेअर एक. बाकीचे त्यांच्या खिडकीखाली.

फोंडेकर

नळ आणि बादली, छान. पण घरातला माणूस पाणी बादलीतूनच पितो ना? मी बादलीबद्दलच बोलतोय.

साउंडवाला मडगाव

मध्ये पडतो. तेवीस वर्षं तियात्र (आमची कोंकणी नाटकं), जत्रेतली नाटकं, लग्नं यांचा साउंड करतोय, म्हणून दोन गोष्टी.

एक, संवाद का बुडतो. सिनेमाचा आवाज बहुधा सहा वाहिन्यांचा असतो, ज्याला ५.१ म्हणतात. त्यात बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतं. तुमच्या टीव्हीला मधला स्पीकरच नाही. मग टीव्ही नाहीतर सेट-टॉप बॉक्स सहाचं घडी घालून दोन करतो, आणि त्या घडीत बोलणं, पार्श्वसंगीत, पाऊस, गाड्या एकाच दारातून बाहेर पडायला बघतात. शिवाय ते मिश्रण थिएटरसाठी केलेलं. तिथे कुजबुज आणि स्फोट यांच्यात मोठं अंतर चालतं, कारण पंखा नाही, मिक्सर नाही, पत्र्यावरचा पाऊस नाही. तुमच्या हॉलमध्ये कुजबुज पंख्याखाली जाते. उपाय फुकट आहे: ॲपमध्ये जाऊन ध्वनीचा पर्याय ५.१ वरून स्टिरिओवर आणा, टीव्हीत रात्रीचा किंवा स्पष्ट संवादाचा पर्याय असेल तो चालू करा. 'सराउंड', 'थिएटर' असली नावं दिसतील ती आधी बंद.

दोन, खोली. याच्याबद्दल कुणी बोलत नाही. जुनी घरं चिऱ्याची, वर कौलं, लाकडी माळा, कोपऱ्यात गाद्यांची चवड, दोरीवर कपडे. आवाज जाऊन कुठेतरी शोषला जायचा किंवा विखुरला जायचा. आता चार गुळगुळीत भिंती, चकचकीत फरशी, काचेची सरकती खिडकी. टाळी वाजवून बघा, शेपूट ऐकू येईल. त्या खोलीत लाखाचा स्पीकर लावला तरी बोलणं चिखलातच. परवा एका गिऱ्हाइकाला नवा साउंडबार हवा होता. म्हटलं आधी जाड पडदा लाव आणि खाली सतरंजी टाक. त्याने साउंडबारच घेतला. सतरंजीचं बिल मित्रांना दाखवता येत नाही.

घुमटाबद्दल मात्र फोंडेकरांशी शंभर टक्के सहमत. खालचा स्वर पाहिजे तर पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि स्पीकरचा दोन इंची पडदा ती हलवणार किती? तिथे ॲप, कोडेक (आवाज दाबून साठवायची पद्धत), सेटिंग काही कामाचं नाही.

पाचवा मजला कांदोळी

आमच्याकडे रात्री किनाऱ्यावरून डीजेचा खरज फुकट येतो. दहानंतरसुद्धा. वेगळा सबवूफर लागत नाही.

डिचोलीची सून

सगळे पुरुष लिहिताय म्हणून विचारते: पूर्वी 'बसून' ऐकायचं कोण?

आमच्या घरी सासरे वोल्तेरवर (लांब हातांच्या आरामखुर्चीवर) पाय पसरून रेडिओ ऐकायचे. सासूबाई तेव्हा नारळ खवत होत्या. त्यांना आकाशवाणीच्या पणजी केंद्रावरचं नाट्यगीत तुकड्यातुकड्यात, आतल्या खोलीतून, भांड्यांच्या आवाजातून ऐकू यायचं. मी आज तो तुम्ही हिणवलेला नारळाएवढा स्पीकर फ्रिजवर ठेवते आणि मासळी साफ करताना मला हवं ते गाणं लावते. मला. हवं ते. त्यात खरज नाही हे कळतं हो मला, मी घुमटाच्याच घरातली आहे. पण हा दर्जा खालावला की वर गेला, ते कुठून ऐकताय त्यावर आहे.

टीव्हीचं म्हणाल तर बाळ झोपलेलं असतं, आवाज ८ वर, ओळी वाचायच्या. आम्ही अर्धी मालिका वाचतोच.

कॅसेटग्रस्त

ताई, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही दहापट चांगलं म्हटलंत.

आणि शुद्धतावाल्यांना एकच प्रश्न. आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर. १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानातून जी सोनेरी तबकडी पाठवली, तीत त्यांची भैरवी आहे, जेमतेम साडेतीन मिनिटांची. मूळ ध्वनिमुद्रण त्याच्याही बरंच आधीचं: वरचे सूर नाहीत, खालचे नाहीत, खरखर आहे. आजच्या कुठल्याही मापाने नापास. तरी अंगावर काटा येतो की नाही?

फोंडेकर

येतो. पण त्या तबकडीत जे आहे ते सगळं गळ्याच्या पट्ट्यातलं आहे, आणि बाई गाताना पुढे उभ्या असल्यासारख्या येतात. आज उलट झालंय. मुद्रणात सगळं असतं, बाहेर काहीच येत नाही. तानपुऱ्याचंच घ्या. जवारीतून, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवरून, निघणारे ते बारीक बारीक सूर हीच त्याची सगळी कमाई. हलक्या बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला कमी किलोबिटवर, ऐका: तार न वाजता नळ सोडल्यासारखी झिरझिर येते. खरखरीच्या मागचा तानपुरा मला ऐकू येतो. झिरझिरीत तो उरतच नाही.

डिचोलीच्या ताईंचं मात्र लागलं. आमच्या टू-इन-वनचं बटण आईने कधी फिरवलेलं मला आठवत नाही.

साउंडवाला मडगाव

झिरझिर होते, खरं आहे. पण ३२० किलोबिटवर नाही. मुलाने माझी डोळे बांधून परीक्षा घेतली, सीडी आणि ३२० चं एमपी३. दहापैकी पाच बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. तेव्हापासून मी फाइलवरून वाद घालत नाही, स्पीकर आणि खोलीवरून घालतो.

फोंडेकर

धागा वर आणतोय, कारण दोन गोष्टी करून बघितल्या.

स्टिरिओ केलं. बातम्या, मालिका आता बाबांना कळतात. सिनेमा अजून अर्धाच. कानाची तपासणीही केली. वरच्या पट्टीत ऐकू कमी येतं, वयाप्रमाणे. म्हणजे निम्मा दोष टीव्हीचा, निम्मा बाबांचा. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मग माळ्यावरून काकाचे जुने स्पीकर काढले. पेट्या ठणठणीत, पण पडद्याभोवतीची फोमची कडा बोट लावताच ओल्या बिस्किटासारखी गळून पडली. म्हापशात एकजण नवीन कडा चिकटवून देतो म्हणाला, दोन्हीचे १४००. परवा आणले, लहान ॲम्प्लिफायरमधून टीव्हीला जोडले आणि भाच्याची तीच आरती लावली. 'घुं' आला. बाबा बल्कावावरून आत आले आणि म्हणाले, कोणाकडे आहे आरती?

कॅसेटग्रस्त

१४०० मध्ये? त्याच्याकडे टेपरेकॉर्डरचा पट्टा मिळतो का विचारून ठेवा. कॅसेटला शिव्या दिल्या तरी खोका अजून पलंगाखाली आहे.