अपरिचितीकरण : कार्टूनला हा शब्द लागतो का?

अपरिचितीकरण म्हणजे नेमकं काय हो? समीक्षेच्या लेखांत सारखा येतो हा शब्द. काल तो जुन्या वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनसाठी वापरलेला बघितला. पण तिथे बदक बोलतं, ससा गाजर खात खात समोरच्याला गंडवतो, सगळंच अपरिचित, मग मुद्दाम अपरिचित ते काय करणार?

— मूळ शब्द रशियन, ओस्त्रानेनिये. रशियन समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्हस्कीच्या १९१७ च्या निबंधातला. सवय झाली की आपण वस्तू नुसती ओळखतो, बघत नाही, आणि कला ती पुन्हा बघायला लावते, असं त्याचं म्हणणं. त्यानं टॉलस्टॉयच्या एका कथेचा दाखला दिलाय, तिथे घोडा सांगतो की माणसं 'माझं, माझं' म्हणतात ते त्याला काही केल्या समजत नाही, आणि ते वाचता वाचता आपल्यालाही मालकी ही भानगडच विचित्र वाटायला लागते. 

— म्हणजे घोडा बोलतो म्हणून अपरिचितीकरण नाही, अपरिचितीकरण होतं ते मालकीचं?

— बरोब्बर! म्हणून हा शब्द आला की आधी विचारायचं, कशाचं? कार्टूनमधल्या रोडरनर पक्ष्याच्या मागे लागलेला तो कायोटी (लांडग्यासारखा प्राणी) कड्याच्या पुढे हवेतच पळत राहतो आणि खाली बघितल्यावरच पडतो. विचित्र आहे, पण त्या दुनियेचा तो नियमच, पोरांना पाठ असतो, त्याला अपरिचितीकरण म्हणू नये. आता दिग्दर्शक चक जोन्सचं १९५३ चं कार्टून 'डक अमक' बघा. डॅफी, म्हणजे ते बोलणारं बदक, तलवार घेऊन ऐटीत येतो आणि चालता चालता मागचं चित्रच संपतं, नुसता पांढरा पडदा. गिटार छेडतो तर आवाज नाही, मग पाटी धरून आवाज मागतो, तर तारांतून मशीनगनचा आवाज सुटतो. पुढे फ्रेमची काळी कड वरून त्याच्या अंगावर लोंबायला लागते, हा बिचारा काठी लावून ती तोलून धरतो आणि शेवटी चिडून फाडून काढतो. बॅकग्राउंड, आवाज, चौकट, ज्यांच्याकडे आपण कधी बघतच नाही त्या सगळ्यांचं अपरिचितीकरण! सात मिनिटांत इतकं नेमकं काम मी दुसरीकडे बघितलेलं नाही.

— मग याला विखंडन म्हटलं तर?

— माझ्या मते नको. विखंडनात संहिता स्वतःच्याच नकळत स्वतःला कुठे छेद देते ते वाचणारा शोधतो, इथे तर जोन्स आणि लेखक मायकल माल्टीज सगळं ठरवून करतायत. श्क्लोव्हस्कीचीच दुसरी संज्ञा इथे जास्त फिट बसते, 'युक्ती उघडी करणं', म्हणजे कलाकृतीनं आपली बनावट लपवायची सोडून उघड दाखवणं. शेवटी कॅमेरा मागे येतो आणि ड्रॉइंग बोर्डपाशी बसलेला बग्ज बनी, तो गाजर खाणारा ससा, दिसतो, म्हणजे इतका वेळ डॅफीला छळणारा चित्रकारसुद्धा चितारलेलाच! वाक्यात वापरायचं तर 'डॅफीचं अपरिचितीकरण' असं लिहू नका, 'कार्टून बघण्याच्या सवयीचं अपरिचितीकरण' लिहा.