बाबांची पंचाहत्तरी: खरी चित्रं असलेलं भारी हॉटेल, सावंतवाडी की कुलाबा?

देवगडचो_हापूस
नमस्कार मंडळी. डिसेंबरात बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवण्यात अख्खी नोकरी गेली, स्वतः कधी लॉजच्या वर राहिले नाहीत, मुंबईला गेले तरी मुक्काम लालबागला आत्याकडे. मी आणि ताई ठरवतोय की आईबाबांना दोन रात्री अशा हॉटेलात ठेवायचं जिथे भिंतीवर बघण्यासारखं काहीतरी असेल आणि ते शहराच्या मधोमध असेल, चालत फिरता येईल. बीच रिसॉर्ट नको, समुद्र रोजचाच आहे. डोक्यात दोन नावं आहेत, सावंतवाडीचा राजवाडा (तिथे आता राहता येतं ना?) नाहीतर सरळ मुंबईचं ताज. कोणाचा अनुभव? आईचे गुडघे दुखतात, तेही धरून सांगा.

तळ्याकाठी
मी सावंतवाडीचाच, तेव्हा पक्षपात होणारच. हो, राहता येतं. खोल्या मोजक्या आहेत, गंजिफाच्या (हाताने रंगवलेले जुने खेळायचे पत्ते) थीमवर सजवलेल्या, बाहेर पडलं की मोती तलाव आणि पाच-दहा मिनिटांत बाजार. पण मास्तरांसाठी खरी गंमत खोलीत नाहीये, ती दरबार हॉलमध्ये. तिथे कारागीर बसून गंजिफा रंगवतात, गोल पत्ता, तळहातावर मावणारा, आणि त्यावर एवढासा मत्स्य नाहीतर वराह, सगळं ब्रशने. दशावतारी संच १२० पत्त्यांचा, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, राजा, प्रधान आणि एक ते दहा. हे सगळं बुडायलाच आलं होतं, इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी म्हाताऱ्या पुंडलिक चिताऱ्यांकडून शिकून घेतलं म्हणून टिकलं. २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय. बाबांना तिथे तासभर नुसतं बसू द्या, घाई करू नका. आणि रेल्वेने येणार असाल तर स्टेशन गावात नाही, मळगावला आहे, रिक्षा करावी लागते.

साईड_लोअर
आम्ही लग्नाच्या वाढदिवसाला ताजला एक रात्र राहिलो होतो, जुन्या इमारतीत. १९०३ ची वास्तू आहे, मधला जिना आणि लांबच लांब कॉरिडॉर, मी तर चपला वाजू नयेत म्हणून हळू चालत होते 😄 हुसेन, गायतोंडे, असल्या लोकांची चित्रं आहेत त्यांच्याकडे. गायतोंड्यांचं घराणं मूळ गोव्याकडचं, म्हणजे बाबांना जरा आपल्यातलेच वाटतील. हेरिटेज वॉकची चौकशी चेक-इनलाच करा, आम्ही दुसऱ्या दिवशी विचारलं आणि हुकलं. बुक करताना टॉवर नको, पॅलेस विंगच (जुनी इमारत) सांगा, नाहीतर पैसे तेवढे जाऊन खोली नेहमीसारखी. साडेसात हजाराच्या वर भाडं की १८ टक्के जीएसटी, तो बजेटमध्ये धरा. आणि एवढे पैसे घालायचे नसतील तर दुसरीकडे राहून सी लाउंजमध्ये नुसता चहा प्या, तिथून जहांगीर आर्ट गॅलरी, समोरचं एनजीएमए (आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय), म्युझियम सगळं जवळ. फक्त सोमवार टाळा, एनजीएमए बंद असतं.

मालवणी_खाजा
मेल्या, बापाशीक ईचार मरे आधी! माझ्या बापाशीक मोठ्या हॉटेलात न्हेललंय, तेणी राती बॅगेतसून लाडू काढून खाल्ल्यान, मेनूकार्डावरचे दर बघून भूकच मेली तेची.

जांभा_दगड
मालवणीशी सहमत 😂 पण थोडं गंभीर. 'आर्ट हॉटेल' लिहिलेलं दिसलं म्हणून भुलू नका. एका मोठ्या शहरात असल्याच एका हॉटेलात सासऱ्यांना नेलं होतं, ते पेंटर, साइनबोर्डवाले. बेडच्या वर हे मोठं चित्र, सासरे खुर्चीवर चढले आणि फ्रेम उलटी करून बघितली, मागे बारकोडचा स्टिकर. शेजारच्या खोलीतही तेच चित्र. ते दोन दिवस बोलले नाहीत फार. म्हणून बुक करण्याआधी फोन करून सरळ विचारा, भिंतीवरचं कोणाचं आहे आणि दाखवायला कोणी आहे का. जिथे नाव सांगता येत नाही तिथे नुसती सजावट असते. आईसाठी लिफ्ट आहे का, खालच्या मजल्यावर खोली मिळेल का, हेही त्याच फोनवर.

देवगडचो_हापूस
सगळ्यांचे आभार. मालवणीचं ऐकलं आणि बाबांना आडून विचारलं. म्हणाले ताज बाहेरून बघितलंय, स्केचपण केलंय गेटवेला बसून, आत जायची इच्छा नाही. पण गंजिफा म्हटल्यावर, "त्यांचा लाल कसा टिकतो ते विचारायचंय मला कधीपासून." तर सावंतवाडी, दोन रात्री. @तळ्याकाठी, चितारआळीतली लाकडी फळं घ्यायची तर सकाळी जाऊ की संध्याकाळी? आणि त्या दिवसांत जवळपास कुठे जत्रा असेल, दशावताराचा प्रयोग असेल तर सांगा, आई तेवढ्यासाठी रात्रभर जागेल, गुडघे गेले उडत.