मदत हवी आहे: फ्लॉरेन्सहून व्हाल दोर्चा, खासगी गाडीने एका दिवसात

ऑक्टोबरच्या मध्याला आम्ही चौघं इटलीत तस्कनीमधल्या व्हाल दोर्चा खोऱ्याच्या भागात पिएन्झा आणि मोंतेपुल्चानो ही टेकडीवरची जुनी गावं बघणार आहोत. आईला (वय ७२) चढ झेपत नाही. स्वतः गाडी चालवायची नाही. जुन्या गावांच्या झेडटीएल हद्दीत (जिथे बाहेरच्या गाड्यांना बंदी असते) चुकून शिरलं तरी दंड घरपोच येतो.

तीन ठिकाणी दर विचारले. दोघं फक्त चालक देतात, परवानाधारक गाईडचे पैसे वेगळे. खरी अडचण वेळेची: फ्लॉरेन्स ते पिएन्झा जवळपास दोन तास, म्हणजे ८ तासांपैकी ४ रस्त्यातच. म्हणून रेल्वेने क्युसी-क्यांचानो तेर्मेला उतरून तिथून गाडी घ्यायचा विचार आहे. मोंतेपुल्चानो तिथून साधारण अर्ध्या तासावर. वाइन कुणीच घेत नाही, त्यामुळे वाइनसाठी प्रसिद्ध असलेलं मोंताल्चिनो गाव सोडलं तरी चालेल. आम्ही शाकाहारी आहोत. पिचीत (तिथला जाड पास्ता) सहसा अंडं नसतं, पण पेकोरिनोत (मेंढीच्या दुधाचं चीज) बहुतेकदा जनावराचं रेनेट (दूध गोठवणारं, जनावराच्या पोटातून काढलेलं विरजण) असतं, तेव्हा चीज चाखायचा कार्यक्रमही नको.

क्युसीहून ५-६ तासांसाठी गाडी मिळते का, की पूर्ण दिवसाचेच पैसे लावतात? आणि मोंतेपुल्चानोत चालक प्रवाशांना थेट वर पिआत्सा ग्रांदे या मुख्य चौकापर्यंत सोडू शकतो का?