मदत हवी आहे: रेंज तुटली की बचत गटाच्या अ‍ॅपमधले निरोप दोन-तीनदा जातात

विदर्भकर: नागपूर जिल्ह्यात कुही-भिवापूर भागातल्या महिला बचत गटांसाठी अँड्रॉइड अ‍ॅप बनतंय: बैठकीची सूचना, हप्त्याची आठवण, आवाजी निरोप. फोन बहुतेक २ जीबी रॅमचे, एकच फोन सासू, सून, मुलगा वापरतात. रेंज गेली की तोच निरोप गटात दोन-तीनदा दिसतो. एमपी३ चढता चढत नाही. काहींकडे बटणवालेच फोन आहेत. काय करावं?

सीताबर्डी: निरोप सर्व्हरवर पोचतो, पण त्याची पोच परत येताना रेंज जाते. अ‍ॅपला वाटतं गेलाच नाही, म्हणून ते पुन्हा पाठवतं. निरोप तयार होताच फोनवरच त्याला यूयूआयडी (दुसऱ्या कुणाशी न जुळणारा ओळख क्रमांक) द्या, एसक्यूलाइटच्या (फोनमधल्या छोट्या डेटाबेसच्या) रांगेत ठेवा, सर्व्हरवर त्या आयडीला युनिक बंधन घाला, म्हणजे तोच आयडी दुसऱ्यांदा नोंदला जाणार नाही. तोच आयडी पुन्हा आला तर एरर देऊ नका, 'मिळाला' एवढंच कळवा. एरर गेली तर फोन पाठवतच राहील. काही फोनांचा बॅटरी सेव्हर मागची कामं बंद पाडतो, तेव्हा अ‍ॅप उघडताच रांग रिकामी करायला घ्या. निरोपांचा क्रम सर्व्हरने दिलेल्या क्रमांकावर लावा, फोनच्या घड्याळावर नको.

आवाजाला एमपी३ ऐवजी एएमआर (बोलण्यासाठीचा, कमी जागा घेणारा ऑडिओ फॉरमॅट) वापरा. १२.२ केबीपीएसला मिनिटाचे साधारण ९५ केबी होतात, बोलणं नीट कळतं. ओपस हा फॉरमॅट सरस आहे, पण अँड्रॉइड १० च्या आधी सिस्टिमचा एन्कोडर (आवाज त्या फॉरमॅटमध्ये बदलणारा भाग) मिळत नाही. १६ केबीचे तुकडे करून चढवा. तुटलं तर पोचलेल्या तुकड्याच्या पुढून सुरू.

इतवारी_कोडर: बटणवाल्यांना एसएमएस. मराठीत एका एसएमएसला ७० अक्षरं, लांबला तर प्रत्येक भागाला ६७. काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात: 'हप्ता' म्हणजे ५. डीएलटीवर (संस्थांच्या एसएमएससाठी टेलिकॉम कंपन्यांची नोंदणी व्यवस्था) टेम्पलेट, म्हणजे एसएमएसचा ठरावीक मजकूर, आधीच मंजूर करून घ्या, नाहीतर एसएमएस अडतात. वाचता येत नसेल त्यांच्यासाठी मिस्ड कॉल घेऊन सर्व्हरनेच उलट फोन करून निरोप ऐकवावा, म्हणजे त्यांचा पैसा जात नाही.

सामायिक फोनवर प्रत्येकीचं फोटोवालं खातं आणि ४ अंकी पिन ठेवा. नोटिफिकेशनमध्ये कर्जाची रक्कम दाखवू नका, घरात भांडणं होतात. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

विदर्भकर: पिन विसरल्यास? ओटीपी त्याच फोनवर येणार.

इतवारी_कोडर: म्हणूनच ओटीपीवर सोडू नका, फोन ज्याच्या हातात तो खातं उघडेल. गटाच्या अध्यक्ष आणि सचिव, दोघींनी आपापल्या फोनवरून मंजुरी दिली तरच नवा पिन. त्या बाईला आधी प्रत्यक्ष भेटूनच मंजुरी द्या, तसं स्क्रीनवर ठळक लिहा.