कंपायलर कुठला, हे प्रोजेक्टनं सांगायचं की मशीननं?

कृष्णाकाठ, सांगली

आमचं युनिट कुपवाड एमआयडीसीत आहे. ठिबकचे कंट्रोलर बनवतो, ते तासगाव, पलूस, मिरज भागातल्या द्राक्षबागांत बसतात. फर्मवेअर (डब्यात चालणारा प्रोग्रॅम) सीमध्ये, बिल्ड (कोडपासून चालणारी फाइल बनवणं) सीमेक आणि निन्जा या टूलांवर. या बिल्डला बाहेरची बरीच टूलं लागतात: आर्म चिपसाठीचा जीसीसी (कोड मशीनच्या भाषेत नेणारा कंपायलर), डेटाची मांडणी ठरवणाऱ्या प्रोटोबफचा कंपायलर, कोड एकसारखा मांडणारा क्लँग-फॉरमॅट, कोड न चालवता चुका शोधणारा सीपीपीचेक, बोर्डवर कोड चढवायला ओपनओसीडी. यांची व्हर्जन आणि सेटिंग कुठे लिहून ठेवायची यावरून आमच्याकडे दोन तट पडलेत. म्हणून धागा काढतोय.

माझं मत स्पष्ट आहे. सगळं प्रोजेक्टच्या रेपोत, म्हणजे कोड आणि त्यातले बदल जिथे साठवतो तिथे. कुठल्या कोडला कुठला कंपायलर लागतो हे त्या कोडच्या शेजारी, त्याच कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) लिहिलेलं हवं.

बागेत बसलेला डबा शेतकरी सात-आठ वर्षं सहज वापरतो. जुन्या मॉडेलचा व्हॉल्व्ह अडकतो अशी तक्रार आली तर मला तेव्हाचा कोड काढून एक ओळ बदलून द्यायची असते, बाकी कशालाही हात लागायला नको. पण मधल्या काळात मशीनवरचा कंपायलर बदललेला असतो. एक उदाहरण बघा. हेडरमध्ये (अनेक फाइलींत ओढल्या जाणाऱ्या फाइलीत) एक्स्टर्न न लावता ग्लोबल व्हेरिएबल लिहिला आणि तो हेडर दोन फाइलींत आला, तरी जीसीसी ९ पर्यंत लिंकर (तुकडे जोडणारं टूल) दोन्ही एकत्र करून पुढे जायचा. २०२० साली जीसीसी १० आला, त्यानं 'नो-कॉमन' हा फ्लॅग (कंपायलरला दिलेली सूचना) डिफॉल्ट केला आणि तोच कोड 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणून लिंक व्हायचा थांबला. हे निदान टेबलावर तरी कळतं. वेळ काढायला कोणीतरी लिहिलेला पोकळ लूप नव्या कंपायलरच्या ऑप्टिमायझेशननं काढून टाकला, तर बिल्ड बिनबोभाट होतो आणि बिघाड कळतो थेट बागेत.

यवतेश्वर, सातारा

पूर्ण असहमत. मी बिल्ड सर्व्हर सांभाळतो, पंचवीस-तीस प्रोजेक्ट त्यावर चालतात. प्रत्येकानं आपापला कंपायलर आपापल्या रेपोत लिहायचा ठरवलं की सहा महिन्यांत त्या सर्व्हरवर जीसीसीच्या आठ आवृत्त्या, प्रोटोबफच्या पाच. एखाद्या टूलमध्ये सुरक्षेचा दोष निघाला की मी तीस ठिकाणी तीस टीमच्या मागे लागायचं. जेनकिन्समध्ये (बिल्ड आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) 'टूल्स', आधीचं नाव 'ग्लोबल टूल कॉन्फिगरेशन', याचसाठी दिलंय. टूल एका जागी नोंदवा, नाव द्या, सगळे जॉब त्या नावानं घेतील. बदल करायचा तर एकदाच.

शिवाय टूल ही मशीनची गोष्ट आहे. कुणाकडे विंडोज, कुणाकडे उबुंटू. स्टॅटिक ॲनालायझरचं लायसन्स एका सर्व्हरवर बांधलेलं. ओपनओसीडीला कुठला प्रोब (बोर्डला जोडायचं उपकरण), कुठला पोर्ट, हे टेबलागणिक वेगळं. हे सगळं रेपोत घातलं की काय होतं ते मी बघतो ना: सीमेकच्या फाइलीत कुणाच्या तरी होम फोल्डरचा पूर्ण पाथ, आणि नवीन रुजू झालेल्या मुलाचा पहिला आठवडा तो पाथ शोधण्यात.

कृष्णाकाठ

यवतेश्वर, पाथ रेपोत घाला असं मी म्हणतच नाहीये. 'काय हवं' आणि 'ते कुठे आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हर्जन, फ्लॅग, टार्गेट हे 'काय', ते रेपोत. फोल्डर, पोर्ट, प्रोबचा नंबर हे 'कुठे', ते मशीनवर. सीमेकनं २०२० मध्ये, ३.१९ पासून, हीच फाळणी करून दिली: प्रीसेट्सची (आधी ठरवलेल्या सेटिंगची) एक फाइल रेपोत जाते, यूजर प्रीसेट्सची दुसरी फाइल प्रत्येकाची स्वतःची आणि ती कमिट करायची नाही. अँड्रॉइडवाले एसडीकेचा (त्यांच्या टूलसंचाचा) पाथ लोकल प्रॉपर्टीज फाइलीत ठेवतात, ती फाइलही रेपोत जात नाही.

कुपवाड फाटा

जावामध्ये हे फार आधीपासून आहे. मेव्हन या बिल्ड टूलच्या पॉम फाइलीत प्रोजेक्ट सांगतो की मला अमुक जेडीके (जावाचा टूलसंच) पाहिजे. ती जेडीके या मशीनवर कुठे बसली आहे, हे प्रत्येकाच्या होम फोल्डरमधल्या टूलचेन्स फाइलीत असतं. जुळली नाही तर बिल्ड तिथेच थांबतो. ग्रेडल या दुसऱ्या बिल्ड टूलनंही ६.७ मध्ये जावा टूलचेन आणले. त्यामुळे हा वाद सी आणि सी प्लस प्लसवाल्यांचा जास्त आहे असं मला वाटतं.

आणि क्लँग-फॉरमॅट तरी कृपा करून एका व्हर्जनवर बांधा. नियमांची फाइल तीच, पण दोघांकडे वेगळी व्हर्जन असली की तोच कोड वेगळा लावला जातो. एकानं दोन ओळी बदलल्या, रिव्ह्यूला चारशे ओळी लाल-हिरव्या. त्यात खरा बदल शोधायचा कुणी?

गणपती पेठ, सांगली

मी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते. तुमची चर्चा कंपनीच्या चौकटीत चालली आहे, लॅबचा विचार करा. साठ मुलं, प्रत्येकाचं वेगळं लॉगिन. ग्रेडलचा रॅपर प्रोजेक्टमध्ये असतो, तो त्याला हवं ते व्हर्जन स्वतः उतरवतो, आणि ते प्रत्येक यूजरच्या होम फोल्डरमध्ये उतरतं. एक वितरण शंभर एमबीच्या वर. सगळ्यांनी एकाच तासाला पहिला बिल्ड चालवला की तास संपतो आणि पट्टी सरकत नाही. त्यापेक्षा लॅबच्या मशीनवर टूल आधीच बसवलेलं आणि सेटिंग मशीनवरच असेल तर मुलं पाचव्या मिनिटाला कोडवर येतात. प्रोजेक्टनं टूल ठरवावं, हे ऐकायला चांगलं आहे. ते टूल येणार कुठून याचं उत्तर मात्र तुम्ही 'इंटरनेट' असं गृहीत धरताय.

कृष्णाकाठ

मॅडम, हा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि आपल्या गावाला तर तो जास्तच लागू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा नेट बंद होतं. ज्यांचा बिल्ड दर वेळी बाहेरून टूल ओढायचा त्यांच्याकडे मशीन, वीज, माणूस सगळं असूनही बिल्ड होत नव्हता. म्हणून माझ्या म्हणण्यात एक भर घालतो: व्हर्जन रेपोत, पण टूलची प्रत आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर. ग्रेडल रॅपरच्या प्रॉपर्टीज फाइलीत डिस्ट्रिब्युशनचा पत्ता बदलता येतो. तो लॅबच्या सर्व्हरकडे वळवा, साठ जणांचं डाउनलोड लॅबच्या आतच होईल. त्याच फाइलीत शा-२५६ चेकसमही (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) लिहिता येतो, म्हणजे मधल्या प्रतीत काही फेरफार झाला तर रॅपर नकार देईल.

अजिंक्यतारा

कृष्णाकाठ, तुम्ही बरोबर दिशेला आहात पण अर्ध्यात थांबलात. 'जीसीसी १०.३' एवढं लिहून काही पक्कं होत नाही. त्याच आकड्याचा जीसीसी वेगवेगळ्या लिनक्स वितरणांत वेगवेगळे पॅच आणि डिफॉल्ट फ्लॅग घेऊन येतो. डॉकरच्या इमेजचा (टूलांसकट बांधलेल्या तयार पॅकेजचा) टॅग आज एका इमेजकडे बोट दाखवतो, उद्या दुसरीकडे. पक्का असतो तो डायजेस्ट, म्हणजे इमेजचा चेकसम. सीमेकचा फाइंड-प्रोग्रॅम (टूल शोधणारी आज्ञा) पाथमध्ये जे पहिलं सापडेल ते उचलतो आणि कॅशमध्ये लिहून ठेवतो. नंतर तुम्ही नवीन व्हर्जन दुसऱ्या फोल्डरमध्ये बसवलं तरी त्या बिल्ड फोल्डरला त्याचा पत्ता नसतो, तो जुनंच चालवत राहतो. 'माझ्याकडे तर होतंय' याच्या मुळाशी बहुतेक वेळा ही कॅश असते.

टूल चेकसमनं ओळखलं पाहिजे आणि बिल्डला मशीनवरचं दुसरं काही दिसताच कामा नये. बेझल किंवा निक्स ही त्यासाठीची टूलं वापरा. बेझलबद्दल एक इशारा मात्र देतो: काही न सांगता चालवलं तर तोही मशीनवरचाच सीचा कंपायलर शोधून वापरतो. टूलचेन तुम्हीच द्यावी लागते.

यवतेश्वर

चेकसमची गोष्ट निघाली म्हणून. ३० जानेवारी २०२३ आठवा. गिटहब (कोड साठवायची साइट) सोर्सची जी आपोआप बनणारी टार फाइल (सगळ्या फाइलींचं एक गाठोडं) देतो, तिचे चेकसम एका रात्रीत बदलले. आतल्या कोडचं एक अक्षर बदललं नव्हतं. गिटहबच्या मागचं टूल गिट, त्यानं फाइल दाबण्यासाठी बाहेरचा जीझिप वापरायचं सोडून स्वतःचा वापरायला घेतला, त्यामुळे बाइट वेगळे आले. जगभर बेझलचे आणि इतर बिल्ड पडले. गिटहबनं काही तासांत तो बदल मागे घेतला. ज्यांनी चेकसम लिहिले नव्हते त्यांचं काम सुरळीत चालू होतं.

आणि मार्च २०२४ चं एक्सझेड, ते फाइली दाबायचं टूल? ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचा दरवाजा होता, तोही बिल्डच्या स्क्रिप्टमधून शिरलेला. ती घातक एम-फोर फाइल (बिल्डच्या स्क्रिप्टचा भाग) गिटच्या रेपोत नव्हती, फक्त प्रकाशित केलेल्या टार फाइलीत होती. तुम्ही त्या टारचा चेकसम इमानदारीनं लिहिला असता तर दर वेळी तीच विषारी फाइल बिनचूक मिळाली असती.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. व्हर्जन एकदा रेपोत गेली की तिच्याकडे कोणी बघत नाही. प्रोजेक्ट चालतोय ना, मग कशाला हात लावा? मशीनवर मी दर वर्षी कंपायलर वाढवतो तेव्हा ओरडा होतो, पण त्या ओरड्यामुळे कोड ताजा राहतो. पाच वर्षांची उडी एकदम मारायची वेळ कोणावर येत नाही.

अजिंक्यतारा

गिटहबच्या प्रकरणातून तुम्ही उलटा निष्कर्ष काढलात. दर वेळी नव्यानं बनणारी फाइल ही कायमची फाइल आहे असं लोकांनी धरलं, चूक तिथे होती. स्वतःची प्रत ठेवली असती तर त्या दिवशी काही झालंच नसतं. एक्सझेडबद्दल तुमचं बरोबर आहे, चेकसम म्हणजे विश्वास नव्हे. पण ती बातमी आली तेव्हा 'आपल्या कुठल्या बिल्डमध्ये हे आलं?' याचं उत्तर रेपोत शोधून मिनिटात देणं आणि वीस मशीनवर लॉगिन करत फिरणं यात फरक आहे की नाही? तुमच्या एका जागच्या यादीत आज काय आहे ते कळतं. गेल्या दिवाळीत पाठवलेला बिल्ड कशानं बनला ते कळत नाही.

एसटी स्टँड, मिरज

मी टेस्टिंगला असतो, बिल्डमधलं फार कळत नाही. परत आलेला डबा माझ्या टेबलावर येतो. तो सिरीयलला जोडल्यावर बूट होताना त्यानं स्वतःहून सांगावं की मी कुठल्या कमिटचा आणि कुठल्या कंपायलरचा, एवढीच माझी मागणी आहे.

कृष्णाकाठ

दादा, हे आम्ही करतो आणि सगळ्यांनी करावं. जीसीसीमध्ये व्हर्जनचा तयार मॅक्रो (कंपाइल होताना कोडात भरली जाणारी किंमत) आहे, कमिटचा हॅश (ओळख-आकडा) सीमेकमधून देता येतो. फक्त डेट आणि टाइमचे मॅक्रो टाळा, नाहीतर तोच कोड, तेच टूल असूनही दर बिल्डची बायनरी वेगळी येते आणि जुन्याशी ताडून बघता येत नाही. टाळता येत नसतील तर सोर्स-डेट-ईपॉक हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कमिटच्या वेळेवर लावा. जीसीसी ७ पासून ते मानतो.

यवतेश्वर, जुनं व्हर्जन कुजत पडतं हा तुमचा आक्षेप खरा आहे. त्यावर माझा उपाय: मुख्य शाखेवर दर वर्षी व्हर्जन वाढवायची, आणि ती वाढ रेपोत एक वेगळं कमिट म्हणून यायची. ओरडा होऊ दे. पण कुठल्या कमिटपासून सुरू झाला ते दिसलं पाहिजे. बागेत गेलेल्या रिलीजची शाखा मात्र जशीच्या तशी. लायसन्सवाला ॲनालायझर तुमच्याच सर्व्हरवर राहू दे, बिल्डनं फक्त त्याची व्हर्जन तपासावी. सीमेक ३.२५ पासून फाइंड-प्रोग्रॅमला तपासणारं फंक्शन जोडता येतं. जुळलं नाही तर एरर देऊन थांबायचं.

यवतेश्वर

वर्षाला एक कमिट, हे चालेल. यादी माझ्याकडे राहील, प्रोजेक्टनं त्यातलंच व्हर्जन मागायचं. न जुळल्यास थांबायचं, हे मात्र मी मानणार नाही. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या काट्याचा कंट्रोलर अडतो, गेटवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, माणूस लॅपटॉप घेऊन तिथे उभा. त्याच्याकडचा कंपायलर तिसऱ्या आकड्यात वेगळा आहे म्हणून तुमचा बिल्ड नकार देणार? इशारा द्या आणि पुढे जाऊ द्या.

कृष्णाकाठ

इशारे कोणी वाचत नाही, तीनशे ओळींत तो निघून जातो. एररच हवी. काट्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी एक स्विच ठेवू, तो त्यानं हातानं द्यायचा, आणि त्या बायनरीनं बूट होताना 'तात्पुरता बिल्ड' असं सांगायचं. हंगाम संपायच्या आत तो डबा ठरलेल्या कंपायलरच्या बिल्डवर परत आणायची जबाबदारी स्विच देणाऱ्याची.

यवतेश्वर

स्विच दिला की सगळे तोच वापरतील. कोणी कधी वापरला याची नोंद सर्व्हरवर येणार असेल तर मी तयार आहे, नाहीतर नाही.