जुन्या जिनिंगवरचे सिमेंटचे पत्रे उतरवायचे आहेत, धूळ कशी टाळायची?

बोरीकाठ: राम राम मंडळी. अमळनेर भागातली जुनी जिनिंग (सरकी काढायची कापसाची गिरणी) आहे, मागे तेलाची मिल जोडलेली. छपरावर 3 मीटरचे साधारण 140 सिमेंटचे नालीदार पत्रे, 40-45 वर्षांपूर्वीचे. पावसाळ्याआधी रंगीत पत्रा टाकायचा आहे. ठेकेदार म्हणतो, बोल्ट गंजलेत, ग्राइंडर मारून दोन दिवसांत मोकळं करतो आणि तुकडे शेतरस्त्यात मुरुमाखाली टाकतो. मजूर तोंडाला रुमाल बांधतील. हे चालेल का?

साइटवरचा: नाही चालणार भाऊ. सगळ्यात आधी ग्राइंडर बंद करा. अशा जुन्या पत्र्यांत मजबुतीसाठी ॲस्बेस्टॉस हे तंतूंचं खनिज घातलेलं असतं. पत्रा अख्खा असेपर्यंत त्याचे तंतू सिमेंटात अडकलेले असतात. चकती फिरली की ते सुटतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि तासन्‌तास हवेत राहतात. रुमालातून ते सहज आत जातात. आजार बहुतेक वेळा 20 ते 40 वर्षांनी दिसतो, म्हणून "आजवर कुणाला काही झालं नाही" या बोलण्याला अर्थ नाही.

पत्रे ज्या क्रमाने चढवले त्याच्या उलट क्रमाने उतरवा. आधी माथ्यावरचे, दोन उतार जोडणारे कोने, मग पत्रे. जे-बोल्टच्या (पत्रा धरून ठेवणाऱ्या आकड्याच्या बोल्टच्या) भोवती पाणी मारा आणि नटाखाली बोल्ट कटरने तोडा. पहारीने उचकटू नका, छिद्रापाशी पत्रा फुटतो. 3 मीटरचा पत्रा 40 किलोच्या वर भरतो, त्यामुळे दोघांनी धरून, दोराने सावकाश खाली घ्यायचा. वरून टाकायचा नाही.

आणि धुळीइतकाच धोका पडण्याचा. 6 मिलिमीटरचा जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या दांड्यांवर) टेकणाऱ्या रुंद फळ्या, कमरपट्टा नव्हे तर पूर्ण अंगाला बांधायचा हार्नेस, आणि जमलं तर खालून मचाण बांधून काम.

तापीकाठ: पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, आपल्याकडे गाडी तिथेच अडते. मे महिन्यात पारा 44-45 वर असताना भिजवलेला पत्रा बघता बघता कोरडा होतो. काम सकाळी 6 ते 10, वारा सुटला की थांबायचं. पाठीवरचा 16 लिटरचा फवारणी पंप उत्तम, पण कोरा घ्या, कीटकनाशक मारलेला नको. पाण्यात दोन-तीन चमचे भांड्यांचं लिक्विड टाका, नुसतं पाणी ओघळून जातं. नोझल बारीक तुषाराचं ठेवा. प्रेशर वॉशर अजिबात नको, तो शेवाळासोबत वरचा थरही खरवडून काढतो. खालची बाजू विसरू नका, तिथे वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असते.

कापूसपेठ: पांढरं ॲस्बेस्टॉस तर आजही कायदेशीर विकतात ना? निळं आणि तपकिरी तेवढं वाईट, असं ऐकलंय.

साइटवरचा: विकतात हे खरं, पण त्यावरून ते निर्धोक ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सगळे प्रकार, पांढरं धरून, पहिल्या गटात टाकलेत, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेलं.

बोरीकाठ, तुमच्या तेलाच्या मिलमुळे मला जास्त काळजी वाटते. बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवर पांढरट, कापूस किंवा प्लास्टरसारखं गुंडाळलेलं काही असेल तर त्याला हातच लावू नका. ते बोटाने चुरगळतं, आणि त्यात निळं किंवा तपकिरीही असू शकतं. ती खोली कुलूपबंद करा, नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. ते काढणं पत्रेवाल्या टोळीचं काम नाही.

बोरीकाठ: पाइपांवर तसं गुंडाळलेलं आहे. आजच कुलूप लावतो. मास्क कोणता, आणि 140 पत्रे टाकू कुठे?

तापीकाठ: मास्क एफएफपी 3 (बारीक कण गाळणारा), त्यावर आयएस 9473 या भारतीय मानकाचा उल्लेख बघून घ्या. दाढी असेल तर कडेने हवा शिरते, म्हणून दाढी गुळगुळीत केलेली हवी. कामाची पाळी संपली की मास्क फेकायचा. अंगात टोपीसकट डिस्पोजेबल सूट, पायात गमबूट. ओल्या फडक्याने पुसून सूट आतली बाजू बाहेर करत उतरवायचा, मास्क सगळ्यात शेवटी. कंप्रेसरची हवा मारून कपडे झटकू नका. जमिनीवर झाडूही नको, भिजवून ओल्या फडक्याने टिपायचं. कामाचे कपडे घरी गेले की धुणाऱ्या बाईच्या छातीत तंतू जातात.

शेतरस्ता विसरा. मुरूम ट्रॅक्टरखाली दळला जातो, त्यासोबत तुकडेही. भंगारात किंवा बकऱ्यांच्या गोठ्यालाही देऊ नका. अख्खे पत्रे 200 मायक्रॉनच्या प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून टेप मारा, तुकडे दुहेरी पिशवीत, वर ठळक मराठीत "ॲस्बेस्टॉस, फोडू नये". विल्हेवाट घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे. राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला अशा कचऱ्याची केंद्रं आहेत. त्यांच्याशी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जळगाव कार्यालयाशी बोलून गाडीचा दर आणि कागद काम सुरू होण्याआधी ठरवा. पत्रे उतरल्यावर घाई झाली की ते नाल्यातच जातात.